नॉस्टॅल्जिया

नॉस्टॅल्जिया : घरापासून अगर स्वदेशापासून दूर पडलेल्या माणसाला परतीच्या ओढीने होणारी व्यथा, हा या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ. विसाव्या शतकात तो बराच पालटला आणि गेलेल्या काळाविषयीची हळवी, काहीशी सुखद ओढ असा अर्थ रूढ झाला. मराठीत त्यासाठी ‘स्मरणरंजन’ हा शब्द विशेष प्रचारात आहे. ‘गतकातरता’, ‘गृहविरह’ असेही पर्याय योजिले जातात. यांपैकी पहिल्या शब्दात वेदनेचा अंश मुळीच नाही आणि मूळ शब्दाचा अर्धा भाग तर वेदना हाच आहे. शब्दाच्या तीनशे वर्षांच्या प्रवासात त्यातील वेदना हळूहळू गळत गेली, तिची ही खूण होय. मराठी भाषिक प्रदेशातही ही व्यथा फार पूर्वीपासून ओळखीची आहे. मात्र येथे तिची नोंद वैद्यांनी केली नाही, ती मुख्यतः स्त्रियांच्या गीतांनी केली. विदर्भातील यवतमाळ जिल्हा व त्याच्या आसपासचा वऱ्हाडचा मुलूख यांत तिची निरनिराळी रूपे शेजारी शेजारी नांदताना आढळतात.

हा शब्द ग्रीक घटकांचा असला, तरी ग्रीकांचा नव्हे. ‘नॉस्टॉस’ म्हणजे सुखरूप घरी परतणे आणि ‘आल्गॉस’ म्हणजे वेदना. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात हे दोन्ही शब्द येतात. ट्रॉयच्या युद्धानंतर दहा वर्षे भटकणारा ओडिस्यूस कॅलिप्सो या देवतेच्या बेटावर सात वर्षे अडकून पडतो. ती त्याला अमरत्व देऊ करते. पण तो समुद्रकाठी बसून आपल्या इथाका बेटाच्या आठवणीने रडत असतो. नॉस्टॅल्जियाचे याहून जुने व याहून पूर्ण चित्र यूरोपीय वाङ्मयात दुसरे नाही. तरीही या दोन शब्दांचा समास प्राचीन ग्रीकांनी कधी केला नाही. ‘नॉस्टॉस’ ज्या मूळ इंडो-यूरोपीय धातूपासून आला, त्याच धातूपासून जर्मन भाषेतील ‘गेनेझेन’ म्हणजे आजारातून बरे होणे हे क्रियापद आले आहे. घरी परतणे आणि रोगमुक्त होणे या दोन कल्पना तेथे एकाच मुळाशी पोहोचतात. अश्विनीकुमार हे वेदांतील देवांचे वैद्य व संकटात सापडलेल्यांना पैलतीरी नेणारे. त्यांच्या ‘नासत्य’ या नावाचा संबंधही काही भाषाशास्त्रज्ञ याच धातूशी जोडतात.

हा समास प्रथम केला तो योहानेस होफर (१६६९–१७५२) या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने. २२ जून १६८८ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने बाझेल येथील विद्यापीठात आपला लॅटिन प्रबंध मांडला. स्विस लोकांच्या बोलीत ‘हाइमवे’ (घराचे दुखणे) असा शब्द होता आणि फ्रेंच लोक तिलाच देशाचा आजार म्हणत. परंतु वैद्यकात या व्याधीला नाव नव्हते. नाव नसल्याने ती रोग म्हणून गणली जात नव्हती आणि तिच्यावर भलतेच उपचार होत होते, असा त्याच्या मांडणीचा रोख होता. त्याने दिलेल्या दोन हकिगती प्रसिद्ध आहेत. पहिली बेर्नहून बाझेलला शिकावयास आलेल्या एका तरुणाची. तो खिन्न होत गेला, त्यास ताप व धडधड सुरू झाली आणि पुढे त्याची आशाच सोडून लोक त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले. एनिमा देण्यासाठी बोलावलेल्या औषधविक्रेत्याने, याला घरी न्या, दुसरे औषध नाही, असे सांगितले. प्रवासाची तयारी सुरू होताच त्याच्या जिवात जीव आला आणि बेर्नला पोचण्यापूर्वीच तो बरा झाला. दुसरी हकिगत एका शेतकऱ्याच्या मुलीची. उंचावरून पडल्याने ती बेशुद्ध झाली होती. शुद्धीवर आली तेव्हा ती रुग्णालयात अनोळखी म्हाताऱ्या स्त्रियांमध्ये होती. तिने अन्न व औषध दोन्ही नाकारले. काहीही विचारले तरी, मला घरी जायचे आहे, एवढेच तिचे उत्तर असे. अखेर आईबापांनी तिला घरी नेले आणि काही दिवसांत ती औषधावाचून बरी झाली.

होफरचे शरीरशास्त्र आज टिकणारे नाही. मेंदूच्या ज्या तंतूंत मायदेशाची चित्रे साठलेली असतात, त्यांतच प्राणतत्त्व सतत फिरत राहिल्याने हा रोग होतो, असे तो म्हणे. झुरिकचा निसर्गाभ्यासक योहान याकोप शॉइख्त्सर (१६७२–१७३३) याने तर व्याधीचे कारण हवेच्या दाबात शोधले : उंच डोंगरावरील विरळ हवेत वाढलेले स्विस लोक सखल प्रदेशात आले की दाबाने कोंडतात, म्हणून त्यांना उंच जागी वा मनोऱ्यावर ठेवावे. परदेशी राजांच्या पदरी भाडोत्री शिपाई म्हणून राहणाऱ्या स्विस तरुणांत ही व्याधी विशेष दिसे. गुराख्यांचे एक पारंपरिक गाणे ऐकताच ते रडू लागत, पळून जात, काही मरत. म्हणून सैन्यात ते वाजविण्यास देहदंडाच्या धाकाने बंदी होती, असे रूसोने आपल्या संगीतकोशात (१७६८) लिहिले आहे. त्यापुढे त्याने केलेले स्पष्टीकरण अधिक मोलाचे आहे. त्या सुरावटीत स्वतःचे असे काही सामर्थ्य नाही. ती आठवणीची खूण म्हणून काम करते, असे तो म्हणतो.

अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. ‘होमसिकनेस’ हा शब्दही त्याच शतकातील असून तो ‘हाइमवे’चे सरळ भाषांतर आहे. कॅप्टन कुकच्या जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने १७७० मध्ये, खलाशांना घराची ओढ लागली असून वैद्य तिला नॉस्टॅल्जिया नावाचा रोग समजतात, अशी नोंद आपल्या रोजनिशीत केली. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडील सैन्याच्या डॉक्टरांनी या रोगाचे पाच हजारांवर रुग्ण नोंदविले आणि त्यांत मृत्यूही दाखविले. त्यानंतर रोगजंतुशास्त्राची वाढ झाली, पूर्वी या नावाखाली टाकलेल्या अनेक दुखण्यांची खरी कारणे कळू लागली आणि वैद्यकाच्या ग्रंथांतून ही संज्ञा हळूहळू नाहीशी झाली.

अर्थ पालटण्याची दिशा त्यापूर्वीच कांटने दाखविली होती. घरी परतलेल्या माणसाची निराशा होते, कारण त्याला हवी असते ती जागा नव्हे, तेथे घालविलेले तारुण्य हवे असते, आणि ते परत मिळत नाही, असे निरीक्षण त्याने १७९८ मध्ये मांडले. जागेच्या ठिकाणी काळ आला की व्याधीचे स्वरूपच बदलते. घर दूर असेल तर जाता येते. काळाकडे जाण्याची वाटच नाही. ज्या व्यथेवर उपायच नाही, तिच्यात मनुष्य पुढे सुख मानू लागतो. तथापि जुन्या अर्थाची धार विसाव्या शतकाच्या आरंभीही बोथटली नव्हती. कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने १९०९ मध्ये वैद्यकीय पदवीसाठी लिहिलेला प्रबंध ‘हाइमवे’ व गुन्हा यांवरच आहे. परक्या घरी मुले सांभाळण्यास ठेवलेल्या अल्पवयीन मुली केवळ घरी जाता यावे म्हणून घरे पेटवीत, सांभाळावयास दिलेल्या बालकांचे प्राणही घेत, अशी प्रकरणे त्याने तपासली आहेत. होफरच्या रुग्णालयातील मुलीपासून यास्पर्सच्या दाईमुलींपर्यंत या व्याधीचा सर्वांत असहाय बळी म्हणजे परक्या घरी पडलेली लहान मुलगी होय. भारतीय वाचकास तिची ओळख करून देण्याची गरज नाही.

ओढ आणि वेदना यांना एकच शब्द असणे ही गोष्ट भारतीय भाषांना नवी नाही. संस्कृतमधील ‘आर्त’ हा शब्द पीडित या अर्थाचा. जुन्या मराठीत ‘आर्त’ व ‘आरत’ यांचा अर्थ उत्कट इच्छा असाही होतो. ‘उत्कंठा’ या शब्दात वाट पाहताना उंचावलेली मान दिसते. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या प्राकृत व्याकरणात ‘स्मृ’ (आठवणे) या धातूच्या जागी येणाऱ्या प्राकृत रूपांत ‘झूर’ दिले आहे आणि ‘खिद्’ (खिन्न होणे) याच्या जागी ‘जूर’. मराठीतील ‘झुरणे’ हे क्रियापद याच कुळातील. आठवणे, खंतावणे आणि अंगाने झिजणे ही तिन्ही त्यात एकवटली आहेत. इंग्रजीतील झुरणे या अर्थाचे ‘पाइन’ आणि वेदना या अर्थाचे ‘पेन’ हे दोन्ही शब्द लॅटिन ‘पोएना’ म्हणजे शिक्षा या शब्दातून निघाले, हे येथे ताडून पाहण्यासारखे आहे. कालिदासाने शाकुंतलाच्या पाचव्या अंकात, सुंदर दृश्य पाहून वा मधुर स्वर ऐकून सुखी माणूसही अकारण उत्सुक होतो, ते जन्मांतरीच्या विस्मृत स्नेहाचे स्मरण असावे, असे दुष्यंताकडून वदविले आहे. रूसोच्या आठवणीच्या खुणेशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. फक्त कालिदासाच्या येथे आठवण कशाची, हे आठवणाऱ्यालाही ठाऊक नाही.

मराठीतील ‘नॉस्टॉस’ म्हणजे माहेर. हा शब्द ‘मातृगृह’ यापासून व्युत्पादितात. राजस्थानी व हिंदी बोलींतील ‘पीहर’ पितृगृहापासून आला. मराठीने घराला आईचे नाव दिले. विवाहाचे वय पूर्वी फार लहान असे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाने, म्हणजे सारडा कायद्याने, मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा १४ वर्षे ठरविली. ती १८ वर्षांवर आली १९७८ मध्ये. कायदा झाला तरी खेड्यापाड्यांत तो बराच काळ कागदावर राहिला. आठदहा वर्षांची मुलगी सासरी जाई. परतणे तिच्या इच्छेवर नसे. माहेराहून मुराळी यावा लागे आणि सासरच्यांची परवानगीही लागे. पहाटे जात्यावर दळताना म्हटलेल्या ओव्यांत आई, भाऊ आणि माहेरची वाट हे विषय पुनःपुन्हा येतात, ते या कारणाने. साने गुरुजींनी स्त्री जीवन या संग्रहात अशा ओव्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या. या गीतांकडे भावविवशतेचा नमुना म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. सासरी दिवसा ज्या तक्रारी बोलता येत नसत, त्या बोलण्याची ती एकमेव जागा होती.

यवतमाळ व एकूण वऱ्हाडात याच भावनेचे सार्वजनिक रूप म्हणजे भुलाबाईची गाणी. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुली संध्याकाळी जमून, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे टाळ्यांच्या व टिपऱ्यांच्या तालावर ही गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. देवीच माहेरपणाला आलेली असते. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून समारोप होतो. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला व हादगा हे याच जातीचे. या सर्वांत आढळणारे कारल्याच्या वेलाचे गाणे प्रसिद्ध आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर. मग वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग भाजी होऊ दे. आणि शेवटी, सासऱ्याला विचार. परवानगी एकाकडून दुसऱ्याकडे टोलविली जाते आणि कडू भाजीचा हंगाम सरतो. गाणाऱ्या मुलींना ते गंमतीचे वाटते. ज्यांना ते खरोखरीचे भोगायचे असे, त्याही पूर्वी याच मुलींत खेळत असत.

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ इ. माल लादून देशभर फिरणारा हा समाज; त्याच्या ‘लदेणी’चा व्यवसाय रेल्वे व सडका आल्यावर बुडाला आणि तो स्थिरावत गेला. ज्यांचे घरच चालते होते, त्यांच्यात माहेराचा विरह कमी असेल, असा तर्क होऊ शकेल. प्रत्यक्षात उलट दिसते. वधू सासरी जाताना जे विलापगीत गाते, त्याला बंजारा भाषेत ‘ढावलो’ म्हणतात. ते उत्स्फूर्त रडणे नव्हे. वडीलधाऱ्या स्त्रिया ते वधूला आधीपासून शिकवीत. आई, वडील, भाऊ, मैत्रिणी यांच्या गळ्यात पडून प्रत्येकाला उद्देशून ते गाण्याची रीत आहे. निरोपाच्या वेळी वधूला बैलाच्या पाठीवर उभे करीत आणि हात उंचावून ती ‘हवेली’ हे गीत म्हणे; त्यात माहेरच्या तांड्याचे भले चिंतिलेले असे. तांडा हलत असल्याने मुलीला परतण्यासाठी ठरलेली जागा नसे, माणसेच तेवढी असत; म्हणूनच कदाचित या गीतांत घरापेक्षा माणसांना अधिक हाका आहेत. होफरची मुलगी एकच वाक्य बोलत राहिली, कारण तिच्या समाजाने तिला त्या दुःखासाठी दुसरी भाषा दिली नव्हती. तांड्यातील मुलीला ती आधीच शिकविलेली असे. दुःख त्यामुळे कमी होत असेल असे नाही. पण ते रोग मात्र ठरले नाही.

घर सोडून निघालेल्यांच्या विरहाचे वेगळेच रूप महानुभाव पंथात दिसते. चक्रधरांनी शिष्यांना घरदार, गाव व आप्तसंबंध यांची आसक्ती सोडण्यास सांगितले. ओढ तोडावयास सांगणारे चक्रधर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरापंथे निघून गेले, तेव्हा शिष्यांची सारी ओढ त्यांच्याच ठायी गोळा झाली. नागदेवाचार्यांच्या प्रेरणेने म्हाइंभटाने रिद्धपूर (जि. अमरावती) येथे, ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांना भेटून आठवणी मिळविल्या व लीळाचरित्र सिद्ध केले (सु. १२७८). मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ विरहातून झालेल्या स्मरणाचा ग्रंथ आहे. चक्रधर कोठे बसले, कोठे निजले, कोणत्या ओट्यावर जेवले, अशा जागांची नोंद करणारी स्थानपोथी आणि नंतरच्या काळाचा वृत्तांत देणारे स्मृतिस्थळ ही नावेच बोलकी आहेत. येथे स्मरण हे रंजन नाही, ते आचरण आहे. सांकेतिक लिप्यांत दडलेले हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणण्यात यवतमाळच्या शारदाश्रम या संशोधनसंस्थेचे प्रवर्तक यशवंत खुशाल देशपांडे यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधुनिक मानसशास्त्रात नॉस्टॅल्जियाकडे रोग म्हणून पाहिले जात नाही. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाचे कॉन्स्टंटीन सेडिकिडीस, टिम विल्डशुट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकांत केलेल्या प्रयोगांवरून ही भावना एकटेपणात आधार देते, आपण पूर्वीचेच आहोत ही जाणीव टिकविते, असे अनुमान निघते. हे प्रयोग ज्यांच्यावर झाले, त्यांतील बहुतेकांना घरी जाण्यास कोणी अडविलेले नव्हते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. परतीची वाट बंद असलेल्याची ओढ आणि परतण्याची गरज न उरलेल्याची ओढ यांना आज एकच शब्द लावला जातो. ‘स्मरणरंजन’ हा मराठी पर्याय दुसऱ्या अवस्थेला नेमका बसतो, पहिलीला नाही. पहिलीसाठी ‘झुरणे’ व ‘आर्त’ हे आपले जुने शब्द अजूनही अधिक खरे आहेत.

दोन्ही अवस्था एकाच वस्तूभोवती कशा जमतात, याचे उदाहरण यवतमाळची ‘शकुंतला’ होय. मूर्तिजापूर–यवतमाळ हा सु. ११३ किमी. लांबीचा अरुंदमापी लोहमार्ग १९०३ मध्ये, मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी, एका खाजगी ब्रिटिश कंपनीने घातला. कारंजा व दारव्हा यांवरून जाणाऱ्या या गाडीला लोकांनी शकुंतला हे नाव दिले. तिचे वाफेचे एंजिन १९९४ मध्ये निघाले व डीझेलचे आले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळकडील वाहतूक थांबली. शहरी लेखनात व छायाचित्रांत शकुंतला ही हरवलेल्या संथ काळाची प्रतिमा झाली आहे. लोहमार्गाकाठच्या खेड्यांतील गरीब प्रवाशांचे मात्र तिच्याबरोबर बाजाराला व सोयऱ्यांच्या गावी जाण्याचे सर्वांत स्वस्त साधन गेले. ती पुन्हा सुरू व्हावी या मागणीत दोघांचाही आवाज मिसळलेला असतो. भुलाबाईच्या गाण्यांचेही असेच झाले. जाते गेले, पिठाच्या गिरण्या आल्या, मुली शिकू लागल्या, सासर-माहेर यांतील अंतर दूरध्वनीने मिटविले. आता ही गाणी शहरांतून रंगमंचावर, स्पर्धांच्या निमित्ताने, सारख्या रंगाच्या साड्या नेसून म्हटली जातात, आणि कारल्याच्या वेलाला प्रेक्षकांची दाद मिळते.